शुक्रवार नव्हे, गुरुवार

मागच्या सोमवारी कामावर एक चूक केली आणि मंगळवारी ती दुरुस्त करताना दुसरी... निदान आमच्या मालकांच्या, हरेशभाईंच्या मते तरी.

जुन्या ओळखीच्यांना माहीत आहे, बारा वर्षं मी एका छोट्या दैनिकात उपसंपादक होते. पेपर बंद पडला. मग अंबरनाथला क्लास लावला, भाच्याच्या वयाच्या मुलांशेजारी बसून वेबसाइट बनवायला शिकले आणि उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, पडद्यांच्या एका दुकानाच्या वर, ज्युनिअर वेब डेव्हलपर म्हणून लागले. वय एकोणचाळीस. माझा सीनिअर निलेश तेवीसचा... मी त्याला सर म्हणते, तो मला ताई.

तीन महिने ट्रायलवर होते. हा त्यातला शेवटचा आठवडा.

बदलापूरच्या एका शाळेच्या साइटवर ज्युनिअर केजीचे फॉर्म कधी मिळणार ते टाकायचं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या पत्रात गुरुवार होता, मी शुक्रवार टाइप केला. मंगळवारी सकाळी ते पत्र फाइलला लावताना लक्षात आलं. फॉर्म एकच दिवस मिळणार होते... शुक्रवारी येणारा रिकाम्या हाताने परत गेला असता.

लगेच दिवस बदलला. पण हात तिथे थांबेनात. पानाच्या वरच एक चौकट टाकली... 'दुरुस्ती : काल येथे फॉर्मवाटपाचा दिवस चुकून शुक्रवार असा दिला होता. फॉर्म गुरुवारी सकाळी दहा वाजता मिळतील. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

पेपरात बारा वर्षं हेच केलं होतं. छापलेलं मागे घेता येत नाही, दुसऱ्या दिवशी कबूल करायचं.

तेवढ्यात हरेशभाई आले. ते चिडले की त्यांचा आवाज उलट खाली जातो.

"मॅडम, ये पेपर नहीं है. गुपचूप बदलायचं, कोणाला कळतं? आता आपणच बोर्ड लावला, की बघा, आम्ही गधे आहोत."

मी म्हटलं, काल ज्यांनी वाचलं त्यांना कळायला हवं ना, की चुकीचं वाचलंय. गुरुवारपर्यंत राहू द्या, बाईंना मी स्वतः सांगते.

"ठीक आहे. तुमची जबाबदारी. शनिवारी बोलू."

शनिवारी काय बोलणार ते मला कळत होतं. बाईंना फोन केला, त्यांनी "बघते" एवढंच म्हणून ठेवून दिला. दोन दिवस खालच्या गाडीवर दाल-पकवान खायलासुद्धा उतरले नाही...

गुरुवारी दुपारी बाईंचा फोन आला. हरेशभाईंनी तो स्पीकरवर टाकला, बहुधा मलाही ऐकू यावं म्हणून. बाई सांगत होत्या, रांगेतल्या बऱ्याच जणांच्या हातात सोमवारच्या पानाची प्रिंट होती. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेवाल्याने ती काचेवरही लावली होती. मंगळवारी कोणासाठी तरी त्याने पान पुन्हा उघडलं, चौकट दिसली, तीही छापून शेजारी चिकटवली. प्रिंट नेलेल्या ओळखीच्या लोकांना फोनही केले.

"नुसता दिवस बदलला असता तर त्याच्या लक्षातसुद्धा आलं नसतं," बाई म्हणाल्या. "पण चूक ती चूकच. पुढच्या वेळी आधी मला वाचायला पाठवा."

फोन ठेवून हरेशभाई निलेशकडे वळले.

"निलेश, मॅडमचा तो दुरुस्तीचा डब्बा आहे ना... त्याचं टेम्प्लेट बनवून ठेव. लागेल."

शनिवारी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. त्यावर तारीख मागच्या महिन्याची होती. सवयीप्रमाणे लगेच दाखवली... प्रिंटर शेजारीच चालू होता, नवं पत्र सहज निघालं असतं. पण हरेशभाईंनी पेन काढलं, तारीख खोडली, वर नवी लिहिली आणि बाजूला सही केली. माझ्याकडे बघून किंचित हसलेसुद्धा.

आई म्हणते, नोकरीचं पत्र असं खाडाखोड केलेलं असतं का, बदलून आण.

नाही आणणार. चूक दिसेल अशी दुरुस्त करणारा मालक या वयात मिळाला... त्याचा एवढा एकच पुरावा आहे माझ्याकडे.