कडकमावशी आणि बाप्तिस्म्याचा झगा

रुग्णालयाच्या धुलाईखोलीत तिला सगळे कडकमावशी म्हणत. एक तर तिची इस्त्री कडक, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. चादरीला एक चुणी राहिली तरी ती अख्खा गठ्ठा परत भिजवायची, आणि कुणी "चालतंय की, मावशी" म्हणालं तर त्यालाही भिजवायला कमी करायची नाही. नवीन आलेल्या बायका आठवडाभर तिला वचकून असत. पुढे तिच्या डब्यातला अर्धा घास आपल्याच ताटात पडतो हे कळलं की वचक जायचा, पण नाव तेच राहायचं.

ही बाई कुणाचं फुकट काही घ्यायची नाही. कुणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी तिनं पाजलाच म्हणून समजा. देवाशीही तिचं वागणं तसंच. संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन वेदीवरची कापडं धुवायची, गायकमंडळींचे झगे इस्त्री करायचे, फरशी पुसायची. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मात्र कधी पुढे जायची नाही. सगळे उठले की ही शेवटच्या बाकावर हात मांडीत घालून बसून राहायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी पाच वर्षांची असताना तिनं तिला बहिणीच्या दारात सोडलं, "संध्याकाळी येते गं" म्हणाली, आणि आली ती नऊ वर्षांनी. का गेली याची कारणं तिच्यापाशी होती. ती चांगली नव्हती, हे तीच सांगायची. तोवर मुलगी त्या बहिणीलाच आई म्हणू लागली होती आणि सख्ख्या आईला अहो-जाहो करू लागली होती. त्यात नवल ते काय? ज्या बाईनं ताप आल्यावर उशाशी बसून रात्री काढल्या, तिलाच पोर आई म्हणणार.

चर्चचे पाळकसाहेब एकदा तिला समजवायला गेले. "मावशी, आत्म्याचं तारण म्हणजे काय कामाचा मोबदला आहे? ते दान आहे. आपल्या चर्चच्या त्या एका छोट्या झग्यात मी दोनशे लेकरांना बाप्तिस्मा दिला. काय कमावलं होतं हो त्यांनी? अर्धी झोपलेली, अर्धी माझ्या कानात किंचाळणारी."

"त्या लेकरांनी कुणाला टाकलं नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "फुकटचं मला पचत नाही. पाय उचला, फरशी ओली आहे."

साहेबांनी पाय उचलले. करतात काय!

मग मुलीला मुलगी झाली. बहीण तर दोन वर्षांपूर्वीच वारली होती. मुलीनं निरोप धाडला: येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे, बाळाला तुम्ही हातात घेऊन उभं राहायचं. कडकमावशीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी वर्षं जिच्यासाठी झुरली, ती स्वतःहून बोलावत होती, आणि हिचे पाय मागे सरत होते. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, आपण लायक नसलो तरी झगा असा करायचा की बोट ठेवायला जागा राहणार नाही. तेवढं जमलं तर उभं राहायचं.

झगा चर्चचा, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या बाळांनी घातलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा तलम. एरवी ती तो उलटा करून, ओलं फडकं टाकून, कोमट इस्त्रीनं हलकेच दाबायची. या वेळी तीनदा धुतला, सावलीत वाळवला, आणि रविवारी सकाळी चर्चमागच्या खोलीत बसून त्याला खळ घातली. तान्ह्या बाळाच्या कपड्याला कुणी खळ घालतं का? पण हात रुग्णालयाचा, आणि मन तर त्याहून ताठ. गळ्याशी एक सुरकुती उरली म्हणून तिनं इस्त्री आणखी तापवली आणि दाबून धरली. अति तिथे माती. खळ करपल्याचा वास आला तेव्हा झग्याच्या छातीवर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग उमटला होता.

तिनं डाग चोळला, लिंबू लावलं, पुन्हा चोळला. हाताला धागे लागले तेव्हा थांबली. बाहेर गाणं सुरू झालं होतं. झालं ते बरंच झालं, देवानंच उत्तर दिलं, असं म्हणून तिनं पदर खोचला आणि मागच्या दाराची कडी काढली.

तेवढ्यात पुढच्या दारानं मुलगी आली. कडेवर नुसत्या लंगोटातलं बाळ. "झगा?"

कडकमावशीनं तो पुढे केला. "जाळला मी. दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. मला कुठलंच काम धड येत नाही."

मुलीनं डाग पाहिला, मग उघडं मागचं दार पाहिलं. ती रागानं लाल झाली.

"पुन्हा निघालात?"

कडकमावशीनं खोचलेला पदर सोडला.

"माझा राग गेलेला नाही," मुलगी म्हणाली. "तो कधी जाईल मला माहीत नाही. तुम्ही किती कापडं धुतलीत ते मी मोजत नाही. उद्या शंभर झगे धुतलेत तरी ती नऊ वर्षं मिळायची नाहीत. मी बोलावलंय ते तुम्ही काही केलंत म्हणून नाही. मला तुम्ही तिथे हव्या आहात, बस्स."

तिनं टेबलावरच बाळाला झगा चढवला. डाग छातीवर बरोबर मधोमध आला. खळीचा गळा टोचला तशी बाळानं भोकाड पसरलं. मुलीनं गळ्याची बटणं सोडली आणि बाळ सरळ आपल्या आईच्या ओल्या हातांत दिलं.

"अगं, हात तरी पुसू दे!"

"राहू द्या. चला."

बाकांमधून जाताना कडकमावशीला वाटलं, सगळ्यांच्या नजरा त्या डागावर आहेत. काहींच्या होत्याही. ती चालत राहिली, कारण बाळ हातात असताना पळता येत नाही. पाण्याच्या कुंडापाशी पाळकसाहेब थांबले होते. त्यांनी डाग पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "या लेकराला कोण घेऊन आलंय?"

आपण काय म्हणून इथे उभ्या आहोत हे सांगायला तिच्यापाशी एकही चांगलं काम नव्हतं.

"मी," ती म्हणाली. मग मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हिची आजी."