हव्या तेवढ्याच कीज

मी लंडनमध्ये, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनमध्ये, हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पेशंटच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक माहितीला लेबल असतं: पत्ता, फोन, रक्तगट. त्यांना आम्ही कीज म्हणतो. रेकॉर्ड बाहेरच्या लॅबला पाठवताना काही कीज ठेवायच्या, बाकीच्या गाळायच्या. काम एवढंच. पण आमच्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये त्यासाठी तयार मेथड, म्हणजे नुसतं नाव घेऊन वापरता येईल असा आयता कोड, नव्हती, म्हणून जो तो आपापली लिहायचा. टीममधल्या एकाची मेथड कॉपीऐवजी मूळ रेकॉर्डमधूनच पत्ते पुसत गेली. नंतर आठवडाभर आम्ही बॅकअपमधून पत्ते परत आणत बसलो.

त्याच वैतागात मी ती लँग्वेज सांभाळणाऱ्या मंडळींना प्रपोजल पाठवलं: ठेवायची आणि गाळायची, अशा दोन्ही मेथड कोअर लायब्ररीतच द्या, म्हणजे लँग्वेजबरोबर सगळ्यांना आपोआप मिळतील. कोड लिहून दिला, टेस्टही दिल्या.

पहिलं उत्तर आलं, हे तर दोन ओळींत कुणालाही लिहिता येतं. त्या दोन ओळींनी काय केलं ते मी सविस्तर कळवलं. मग मेथडच्या नावावरून सुरू झालं. एकाला 'पिक' पोरकट वाटलं, दुसऱ्याला 'स्लाइस' ऐकून पाव आठवला. बारशाला आत्यांचीही इतकी जुंपत नाही. बर्फ वितळला, पुन्हा पडला, वाद चालूच.

"तू तुमच्या ऑफिसपुरती लिही आणि सोडून दे," नवरा जेवताना म्हणाला.

"सगळे तेच तर करतात," मी म्हटलं.

शेवटी व्हिडिओ मीटिंग झाली. त्या मंडळींचा मुख्य माणूस शांतपणे नावांचे फायदेतोटे सांगू लागला, तेव्हा मला राहवलं नाही. "नाव काहीही ठेवा," मी म्हणाले, "फक्त मूळ रेकॉर्डला हात लागू देऊ नका." मग ठेवायची मेथड मंजूर झाली, मला सगळ्यात नावडत्या नावाने. गाळायचीचं पुढे बघू म्हणाले, कारण तिचं नाव ठरत नव्हतं.

लॅपटॉप मिटून मी बाहेर गेले आणि घरासमोरचा ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने बर्फ काढायला लागले. त्या तिरमिरीत शेजाऱ्यांचाही अर्धा करून टाकला.

मंजूर झालेली मेथड आता आम्ही रोज वापरतो. मूळ रेकॉर्ड जसंच्या तसं राहतं, हे बघून बरं वाटतं. गाळायची मात्र अजून आमची आम्हीच लिहिलेली आहे, आणि ती तपासायचं काम टीमने माझ्याच गळ्यात घातलंय.