सराट्यातली तानुबाई

दव वाळलं, दिवस कासराभर वर आला आणि आटपाडीचं ऊन मानगुटीवर बसलं. तानुबाईनं शेण काढलं, म्हैस सोडली आणि विळा, दोरी, पोतं घेऊन माळाकडं निघाली. पायांत काही नाही. नवरात्र बसलं की तानुबाई अनवाणी. लग्न होऊन आल्यापासूनचा तिचा नेम.

यंदा मात्र सराटा उदंड माजला होता. जमिनीला चिकटून पसरलेली वेल, चमकीएवढी पिवळी फुलं. वरनं बघावं तर गरीब गाय, खाली काट्यांचं दुकान.

थोरली जाऊ अंबूबाई कालच नळावर बोलली होती, "तानी दसऱ्यापतुर टिकती व्हय! उद्याच पायताण घालती का न्हाई बघा." आता चप्पल घातली, तर वर्षभर नळावर घागर न्यायची सोय उरली नसती.

तानुबाईनं डोकं लढवलं. पोतं ओढत नेलं की सराटे त्याला चिकटतात. पण ओढणारी पुढं चालते, म्हणजे काटे आधी तिच्याच पायांत! मग तिनं पोतं म्हशीला बांधलं. पुढं म्हैस, मागं पोतं, त्यामागं तानुबाई.

"कुणाची वरात गं ही?" मागनं खुरपं घेऊन आलेली अंबूबाई खिदळली.

"तुमच्या टोमण्यांची, आक्का. वेशीपतुर घालवून येती."

तेवढ्यात म्हशीला ओढा दिसला. वाट सोडून ती पोत्यासकट उधळली. तानुबाई मागं धावली आणि भर सराट्यात बगळ्यागत एका पायावर उभी राहिली. दुसरा टेकवायला जागाच नाही.

अंबूबाईनं पायातली चप्पल पुढं केली. "घाल. मी कुणाला सांगत न्हाई."

"तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतोय व्हय, आक्का?" बोलता बोलता तानुबाईनं वर धरलेला पाय हातात घेतला. टाचेतनं रक्त येत होतं.

अंबूबाईनं ते बघितलं. चप्पल पुन्हा पायात सरकवली, पदर खोचला आणि पाठ करून वाकली. "बस."

"आँ?"

"पायताण घालणार न्हाई, असं देवीला म्हणलीस. जावंच्या पाठीवर बसणार न्हाई, असं म्हणलीस का? बस लवकर, कंबर मोडाय लागली."

तानुबाई बसली. अंबूबाई कण्हत निघाली. "उपास हाय न्हवं तुझा? मग एवढं वजन कशाचं?"

"शाबूचं."

"नळावर काय सांगू आता?"

"तानी टिकली म्हणून सांगा की."

"सांगती. पर उचलून आणली ते न्हाई सांगायची. मलाबी अब्रू हाय."

ओढ्याकाठी तिनं जावेला धपकन खाली सोडलं. म्हैस पाण्यात निवांत डुंबत होती. तानुबाईनं टाचेतला काटा उपसला, विळा घेतला आणि बांधावरचं गवत कापायला बसली.