जयूचं खारं पाणी

माझ्या भावजयीचा, सुचिताचा फोन आला तेव्हा मी विरारला, माझ्या घरी, वाल सोलत बसले होते. "ताई, यांना दुकानात चक्कर आली. तुम्ही निघा," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, आणि म्हणूनच मी वाल तसेच टाकून निघाले. मी वसईला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझा धाकटा भाऊ जयवंत सकाळी नेहमीसारखा दुकानाचं शटर वर करायला वाकला आणि तिथेच खाली बसला... डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्रास झाला नसेल. हे लोक असं का सांगतात, मला कळत नाही. ज्याला मी कडेवर घेऊन खाडीवर फिरवलं, त्याच्या तोंडावरची चादर मला बाजूला करावी लागली. मोठी मी होते. आधी जायचा नंबर माझा होता. त्याला आता काही आठवडे झाले, पण देवासमोर मी अजून हात जोडलेले नाहीत.

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. घरामागे वाडी आणि वाडीच्या पलीकडे खाडीला लागून भाताची शेतं. या शेतांचा एकच वैरी, खारं पाणी. उधाणाला बांध फुटला की पाणी आत शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड गवतही उगवायचं नाही. आमच्या बाबांचं अर्धं आयुष्य बांधावर चिखल थापण्यात गेलं. जयू त्यांच्याबरोबर जायचा, पण मदतीला म्हणून नव्हे. बाबा बांधाच्या आतल्या बाजूला आणि हा बाहेरच्या, गुडघाभर चिखलात, खेकडे आणि उड्या मारणारे निवट्या मासे बघत. संध्याकाळी त्याचे पाय धुता धुता माझ्या नाकी नऊ यायचे. मी धपाटा घातला की म्हणायचा, "ताई, तिथं किती जनं ऱ्हातात, तू बघतंच नाय."

पुढे शेतं गेली, वाडीच्या जागी बिल्डिंग आली आणि तिच्याच तळमजल्यावर जयूला घर मिळालं. पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं त्याचं दुकान बरं चालायचं. त्याला आणि सुचिताला मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याचा बाऊ केला नाही, आम्हीही करू दिला नाही. मग एके दिवशी हॉलच्या भिंतीला लागून सहा फुटांची काचेची टाकी आली. मला वाटलं, सोनेरी मासे सोडेल, पोरासोरांना दाखवेल. छे. त्याला समुद्र हवा होता. प्रवाळ, म्हणजे त्याच्या भाषेत कोरल, घरात वाढवायचं होतं. बाबा तेव्हा होते. काठी टेकत आले, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपन जल्मभर खारा पानी बांधाच्या भायेर ठेवला, न तू पैसं देऊन घरान आनला?" जयू इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पाणी आणलं म्हणजे खाडीचं नव्हे. नळाचं पाणी मशीनमधून काढून अगदी कोरं करायचं, त्यात मोजून खास मीठ विरघळवायचं आणि मग ते टाकीत घालायचं. पण रोज जे पाणी कमी होतं, त्याच्या जागी मात्र गोडंच पाणी टाकायचं. हे मला काही केल्या पटेना. मी म्हटलं, अरे, खारं कमी झालं तर खारंच घालायला नको का? तेव्हा त्यानं मला बांधापलीकडच्या मिठागराची आठवण करून दिली. "उन्हानं काय उडतं, ताई? पानी. मीठ ऱ्हातं ना मागं? मग परत खारं घातलंस तर इथं मिठागर होईल, मासे मरतील." माझ्या आयुष्यात रसायनशास्त्राचं एवढं एकच वाक्य मला कायमचं कळलं.

रविवारी सकाळी त्याचा दवाखाना उघडायचा. चष्मा कपाळावर, हातात छोट्या काचेच्या कुप्या. टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब थेंब औषध सोडायचं आणि रंग कधी बदलतो ते बघायचं. कोरल दगडासारखं दिसतं, पण तो जीव असतो. पाण्यातला चुना ओढून तो स्वतःचं घर बांधतो. म्हणजे पाण्यातला चुना रोज कमी होणार आणि तो रोज भरून काढायला हवा. त्यासाठी दोन बाटल्या आणि एक यंत्र होतं, दिवसभर थेंब थेंब टाकणारं. एका बाटलीत चुन्याचं द्रावण आणि दुसरीत खार, आपल्या खायच्या सोड्याचा भाऊबंद. दोन्ही बरोबरीनं जायला हवेत. एक संपलं तरी कोरलाची कातडी सुटायला लागते. सुचिता वैतागून म्हणायची, "आमच्या घरी सवत आहे, ताई, आणि ती मला न विचारता जेवते." मी तिचीच बाजू घ्यायचे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणून त्याला टोमणे मारायचे. तो ऐकून घ्यायचा आणि माझ्या हातात कुपी द्यायचा. "धर. गुलाबी गेलं की सांग."

सगळ्यात मोठा तमाशा गणपतीत व्हायचा. टाकीच्या कडेला एक लहानसा पडदा होता, त्यावर पाण्याचा पीएच दिसायचा. सव्वाआठच्या आसपास असला की जयू खूश. आरतीला तीस-चाळीस माणसं हॉलमध्ये दाटली की तो आकडा उतरायला लागायचा. जयू टाळ्या वाजवता वाजवता मान तिरकी करून तिकडेच बघायचा आणि शेवटी उठून सगळ्या खिडक्या सताड उघडायचा. निरांजनं विझायची, काकू करवादायच्या. मी एकदा रागावले तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मानसांचा श्वास पान्यात उतरतो, ताई. दारं बंद असली की जास्त." मला ती थाप वाटली होती.

थाप नव्हती. तो गेल्यावर मी ते डोळ्यांनी बघितलं. बातमी कळली तशी माणसं येत गेली. गावातली, सासरची, दुकानातली, ज्यांना त्यानं रात्री-अपरात्री मोटार चालू करून दिली होती ती सगळी. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. टाकीशेजारी पाटावर त्याचा फोटो, दिवा, उदबत्त्या. आकडा आठवर आला, मग आठच्या खाली, मग आणखी खाली. बायका सुचिताच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मला आकडा दिसत होता. जे त्याच्यासाठी रडायला आले होते, त्यांच्याच श्वासानं त्याचं पाणी बिघडत होतं. मी उठले आणि खिडक्या उघडल्या. दिवा विझला. कुणीतरी कुजबुजलं, भाऊ गेला आणि हिला माशांची पडलीय. मला एवढा संताप आला की त्या सगळ्यांना दाराबाहेर काढावं असं वाटलं. मी दिवा पुन्हा लावला, हाताच्या आडोशानं धरला आणि खिडकी उघडीच ठेवली.

मग कार्य झालं. पंगत उठली, पातेली परत गेली, गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन टाकीसमोर उभी राहिले तर आकडा पुन्हा सव्वाआठ. जयूला हवा होता तस्साच. माणसं गेली, म्हणून पाणी सुधारलं. मी कप खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. तोवर मी रडलेच नव्हते.

त्या दिवशी मी ठरवलं, टाकी जगवायची. काय वाटेल ते झालं तरी. माझ्या भावानं हातानं केलेलं एवढंच आता श्वास घेत होतं. मी विरारहून रोज यायला लागले. पण त्या गडबडीच्या दिवसांत त्या खाराची बाटली कधी रिकामी झाली, कुणालाच कळलं नव्हतं. यंत्र बिचारं वेळेवर हवा टाकत राहिलं. पापडी गावचा आग्नेल हा जयूचा याच वेडातला मित्र, जयूच्याच वयाचा. मी त्याला फोन केला. तो सांगेल तसं हळूहळू भरून काढायचा प्रयत्न केला. तरी जांभळ्या शिंगांसारखं एक कोरल होतं, जयूनं बोटाएवढं आणून हातभर वाढवलेलं, ते बुडापासून पांढरं पडायला लागलं. रोज थोडं वर. मी रोज येऊन बघायचे आणि रोज स्वतःला सांगायचे, कालच्याएवढंच आहे.

शेवटी सुचिता बोलली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी आवाज चढवून कधी बोलली नव्हती, तेव्हाही नाही. "ताई, आग्नेलभाऊंना बोलावते. ते सगळं घेऊन जातील."

"नाही," मी म्हटलं. "हे त्याचं आहे."

"यांचं आहे म्हणूनच सांगते. मला येत नाही, तुम्हाला जमत नाही. आपण दोघी मिळून याला मारतोय. एकदा बघितलं, ताई. पुन्हा नाही बघवणार मला."

मी तिच्याशी भांडले. तुला ती सवतच होती, असंही बोलून गेले. ती टाकीला टेकून उभी राहिली, आणि तेव्हा मला दिसलं की काचेवर, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एक धुरकट डाग आहे. मी विरारला गेल्यावर ती तिथेच टेकून उभी राहत असणार. मी म्हटलं, बोलव.

आग्नेल त्याच्या बायकोला घेऊन आला. मासे, कोरल, दगड, सगळं त्यानं पेट्यांत भरलं, फार हळुवारपणे. जांभळ्या कोरलाचा वरचा जिवंत भाग त्यानं कापून घेतला. "एवढा वाचेल, ताई," म्हणाला, "जयवंतचा म्हणूनच वाढवीन." निम्मं पाणीही त्यानं नेलं. बाकीचं त्याच्याकडे मावेना. मी म्हटलं, मोरीत सोडून देऊ. सुचिता म्हणाली, "गटारात नाही." कुंड्यांत घालता येईना, झाडं जळाली असती. मग आम्ही ते कॅनमध्ये भरलं आणि टेम्पोत घालून खाडीवर नेलं, जिथे बाबांचा बांध होता तिथे. बांध आता ओळखू येत नाही, नुसता उंचवटा आहे. भरती लागली होती.

मी पहिल्या कॅनचं झाकण काढलं आणि तो तिरका करणार तोच सुचितानं माझा हात धरला. ती पाण्याजवळ उकिडवी बसली, सोबत आणलेला प्लास्टिकचा मग खाडीत बुडवला आणि अर्धा मग पाणी आमच्या कॅनमध्ये ओतलं. थांबली. परत अर्धा मग. क्षणभर मला काही समजेना. मग आठवलं, नवा मासा घरी आणला की जयू त्याला एकदम टाकीत सोडायचा नाही. त्याच्या पिशवीत टाकीचं पाणी असंच थोडं थोडं घालत बसायचा, तासभर, म्हणजे त्याला नव्या पाण्याचा धक्का बसू नये. सुचितानं ते स्वयंपाकघराच्या दारातून किती वेळा पाहिलं असेल.

"सुचिता," मी म्हटलं, "यात काही जिवंत नाही गं."

"माहितीय," ती म्हणाली. "तरी असू दे, ताई. सवकाश जाऊ दे."

 मी तिच्या शेजारी चिखलात बसले, तिच्या हातातून मग घेतला, खाडीतून अर्धा भरला आणि परत तिच्याकडे दिला.