पदराआडची दुसरी धुरपता

आता माणूस ओळखायला अंगठा लागतो, बुबुळ लागतं, मोबाइलवर आलेला आकडा लागतो. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ओळखीची दोन माणसं पुरायची. कचेरीत साहेब विचारायचे, "ही बाई तीच का?" दोघं "हाव" म्हणायचे आणि ती बाई तीच व्हायची.

धुरपताबाई आमच्या समोरच्या घरात राहायच्या. चाकूरच्या पलीकडं आमचं गाव. नवरा नरसिंग ऐन उमेदीत गेला. मूलबाळ नाही. ओढ्याकाठचं शेत तेवढं त्यांच्या नावावर आलं. त्या सालांत पावसानं पाठ फिरवली होती. गावातल्या विहिरींचे खडक उघडे पडले, पण धुरपताबाईंच्या विहिरीला पाणी होतं. तिकडं लातुरात नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती आणि टँकरवाले पाणी हुडकत गावोगाव फिरत होते. त्यातल्या एकानं त्यांच्या थोरल्या दिरामार्फत, लिंबाजीमार्फत, विहिरीसकट शेत मागितलं.

धुरपताबाई दिराशी बोलत नसत. थोरला दीर समोर आला, गावातलं कुणी वडीलधारं आलं, की पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचा. एका वाड्याच्या दोन खोल्यांत राहूनही लिंबाजीनं त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जावेकरवी निरोप दिला, "शेत विकायचं न्हाई." तिकडून "बरं" एवढंच आलं. लिंबाजी इतक्या सहज बरं म्हणणारा माणूस नव्हता.

मग एक दिवस दोरीवर वाळत घातलेलं जांभळं लुगडं गेलं. परत आलं ते घडी घालून, उंबऱ्यावर. धुरपताबाईंनी उचललं तर त्याला परक्या बाईच्या डोक्याच्या तेलाचा वास.

"गाईनं ओढून नेलं असंल," जाऊ म्हणाली.

"अन् गाय घडी बी घालती व्हय?"

जाऊ हसली नाही. आत निघून गेली.

उदगीरकडची रत्नम्मा बांगड्या विकत यायची. विधवेकडं तिचा धंदा नसायचा, तरी पाणी प्यायला ती धुरपताबाईंच्याच दारात टेकायची. त्या खेपेला ती बसलीच नाही.

"लई मोठी झालीस गं! लातुरात हाका मारून राहिले, तर वळूनसुद्धा बघितलं न्हाईस."

"मी कवा गेले लातूरला?"

"खोटं बोलू नको बाई. कचेरीच्या पायऱ्यांवर उभी होतीस. जांभळं लुगडं, पदर हनवटीपर्यंत. तुझा दीर होता, ग्यानोबा आबा होते."

धुरपताबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "रत्नम्मा," त्या म्हणाल्या, "ती मी न्हाई."

ग्यानोबा आबा म्हणजे गावात ज्यांचा शब्द चालायचा असा सरळ म्हातारा. धुरपताबाई थेट त्यांच्या ओसरीवर गेल्या. पदर खाली होता, पण आवाज मोठा होता.

"आबा, लातूरला कुणाला हाव म्हणालात?"

आबा दचकले. ही बाई त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "अजून म्हणालो न्हाई. जुनी दप्तरं उस्मानाबादेहून यायची हायेत, म्हणून काम सोमवारवर गेलं. पर तूच होतीस की पोरी. लिंबाजीच्या मागं."

"कशावरून?"

"आता… लुगड्यावरून. लिंबाजीच्या घरची बाई, तिला तोंड दाखव म्हणू?"

धुरपताबाईंनी पदर डोक्यावरून मागं टाकला. "बघा. धुरपता ही हाय."

आबांनी झटकन भिंतीकडं तोंड फिरवलं. "झाक आधी! मी बघणार न्हाई."

"मग सोमवारी कुणाला बघून हाव म्हणाल?"

घरी परतताना धुरपताबाईंना लिंबाजी विहिरीवर दिसला. सोबत टँकरवाला होता. दोघं वाकून आत बघत होते, आणि पाणी आधीच त्यांचं झाल्यासारखे हसत होते.

सोमवारी धुरपताबाई उघड्या तोंडानं कचेरीत शिरल्या. लिंबाजीजवळ हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती, हनवटीपर्यंत झाकलेली. कारकुनानं दोघींकडं पाहिलं. "नाव एक, बाया दोन! नव्या जिल्ह्यात सगळंच दुप्पट आलंय वाटतं."

साहेबांनी साक्षीदारांना विचारलं. दुसरा साक्षीदार लिंबाजीचा माणूस होता. त्यानं हिरव्या लुगड्याकडं बोट केलं. आबा फरशीकडं बघत होते.

"आबा, वर बघा," धुरपताबाई म्हणाल्या.

आबांनी मान उचलली. पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि त्यांनाच शरमल्यासारखं झालं. "साहेब, धुरपता ही. हिनं माझ्या ओसरीवर तोंड उघडं केलं. परकी बाई असली लाज कशापायी घालवंल?"

"आणि ही?"

"हिला मी वळखत न्हाई."

साहेब झाकलेल्या बाईला म्हणाले, "पदर घ्या मागं." ती उठली आणि भराभरा दाराबाहेर गेली. झाकलेल्या बाईला अडवायला कुणाचा हात पुढं झाला नाही. ती कोण होती, कुठली होती, ते कधीच कळलं नाही.

"हा व्यवहार होणार नाही," साहेब म्हणाले. "बाकीचं भांडण घरी मिटवा."

घरी. धुरपताबाईंनी तो शब्द ऐकला आणि बाहेर आल्या. आबा लेकीकडं मुक्कामाला गेले. गावाकडं जाणारी एसटी एकच उरली होती. धुरपताबाई खिडकीशी बसल्या. गाडी सुटता सुटता लिंबाजी चढला आणि नेमका त्यांच्या मागच्या बाकावर बसला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. चाकूर मागं पडलं. मग लिंबाजी पुढं वाकला आणि जन्मात पहिल्यांदा भावजयीशी बोलला.

"पदर घे."

धुरपताबाईंनी घेतला नाही. खिडकीतून गरम वारं तोंडावर येत होतं. पुढं उतरायचं एकाच ठिकाणी होतं, आणि घराची मधली भिंत दोघांची एकच होती.