शाल नको, लेखी द्या

मंडळी, आज ऑफिसात माझा सत्कार होता. मी तो घेतला नाही.

मी माणिकपूरला एका सरकारी ऑफिसात पेन्शनचं काम बघते. सगळ्या ऑफिसांतलं हे काम आता एकाच मध्यवर्ती केंद्रात नेणार आहेत, आणि सोबत आम्हालाही. तिथे आमची नोकरी सरकारीच राहील का, हे युनियन कधीपासून विचारतेय. उत्तर नाही.

आज वरचे साहेब आले ते थेट शाली घेऊन. "नव्या प्रवासाला शुभेच्छा," म्हणाले.

पहिलं नाव युनियनच्या जेसिंता मॅडमचं होतं. त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "साहेब, आधी लेखी द्या."

"अहो, फोटो तर होऊ दे. मग बोलू ना."

तिथेच कळलं. शाल पांघरून हसलो की आम्ही खुशीने तयार झालो, असं वर दाखवता येणार होतं. मग आम्ही सगळ्यांनीच हात मागे घेतले. साहेब उलगडलेली शाल धरून उभेच राहिले.

तुमच्या ऑफिसात असा सत्कार ठरलाय का? फोटोआधी विचारा, कशाबद्दल.

शाली अजून टेबलावरच आहेत. साहेब लेखी घेऊन आले, तर त्यातली एक आम्ही त्यांना घालू. फोटोसकट.