समुद्रावरचा दहावा

कमल गेल्याची बातमी आमच्या चुलत नणंदेच्या मुलानं आणली. पिंपरीच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून तो थेट निघोज्याला आला, सायकल अंगणात आडवी टाकली आणि तसाच उभा राहिला. "मामी, कमलमावशी..." एवढंच बोलला. सकाळी ड्यूटीला निघताना शेजारणीशी बोलत साडीच्या निऱ्या घेता घेता ती खाली बसली, ती उठलीच नाही. नामदेवराव, माझे यजमान, गोठ्यात होते. ऐकून बाहेर आले आणि पायरीवर बसून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. धाकटी बहीण गेली होती त्यांची... सख्खी, एकुलती.

नात्यानं ती माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणायची, ती मला वैनी. पण या घरात मैत्रीण म्हणावी अशी मला तीच होती. पुण्यात नर्सिंग शिकली आणि इंग्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली, तेव्हा भावकीनं घर डोक्यावर घेतलं होतं. आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर शांत बसून होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "आमी काय चाकणच्या पुढं गेलो न्हाई. पोरगी जातीय तर जाऊ द्या की." त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

तिकडं गेल्यावर तिला फिरण्याचं वेड लागलं. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी अडकवायची आणि निघायचं, एकटीच. एकदा स्कॉटलंडला गेली असताना प्रवाशांच्या एका साध्या वसतिगृहात ती पिठलं करत होती. त्या वासानं एक सावळी बाई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "माझी आजी असंच काहीतरी करायची." ती सिबिल, त्रिनिदादची शिक्षिका. तिचे पणजोबा कधीकाळी बिहारातून उसाच्या मळ्यावर कामाला गेलेले. हिंदी तिला अक्षरभर येत नव्हती. त्याच टेबलाशी पाव खात बसली होती मोरीन, आयर्लंडची. तिच्याकडे एक खटारा मोटार होती आणि सोबत कुणी नव्हतं. पिठलं संपेपर्यंत तिघींनी मिळून उत्तरेच्या टोकापर्यंत जायचं ठरवूनही टाकलं. कमल नकाशा धरायची, मोरीन गाडी चालवायची आणि सिबिल मागच्या सीटवरून दोघींना खायला द्यायची. चढ आला की दोघींनी उतरून ढकलायचं. "वैनी, इतकी मी माहेरीसुद्धा हसले नव्हते," असं ती पुढं मला सांगायची.

रजा थोडी वाढवून घ्यावी म्हणून तिनं वाटेतल्या एका खेड्यातून इस्पितळात फोन लावला, तेव्हा तिकडच्या बाईनं सांगितलं, तुझ्या नावानं भारतातून तार येऊन पडली आहे... आबा गेले होते. इथं अग्नी देऊन आठवडा होत आला होता. मोरीन म्हणाली, गाडी वळवते, आत्ता निघू. कमलनं मान हलवली. परत जाऊन करायचं काय? तिथं तरी कोण होतं तिचं? ओळख चार दिवसांची असली तरी माणसं या दोघीच होत्या.

दहाव्याच्या दिवशी तिघी समुद्रावर गेल्या. कमलनं वसतिगृहातच भात शिजवून घेतला होता. मोरीननं हळूच विचारलं, "तुमच्यात मुलीनं केलेलं चालतं?"

"नाही चालत."

"मग?"

"मग काय... ते भांडं दे इकडं."

तिनं पिंड वळले. सिबिलनं आजीला करताना बघितलं होतं, तिनं न सांगता ओंजळीनं पाणी आणून दिलं. खडकावर घास ठेवून तिघी मागं सरल्या. कावळा कुठं दिसेना. तेवढ्यात समुद्रावरचा एक मोठा पांढरा पक्षी झेपावला आणि सगळा घास उचलून घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी चारपाच आले. कमल हसायला लागली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. त्या दोघी तिला दोन्ही बाजूंनी धरून वाळूत बसून राहिल्या.

हे तिनं इथं कुणालाच कळवलं नाही. घरी एवढंच ठाऊक होतं, की बाप गेला तेव्हा मुलगी गावोगाव भटकत होती आणि तारेला उत्तर आलं ते पंधरवड्यानं. नामदेवरावांच्या मनात ते रुतून बसलं. ती कायमची परत आली, पिंपरीत नोकरी धरून दोन खोल्यांत एकटी राहू लागली, तरी ते तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. एका दिवाळीत जेवताना त्यांनी ते बोलून दाखवलं, "बाप गेला तवा तू कुठं व्हतीस?" कमलनं ताट बाजूला सारलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. भात, खडक, ते पक्षी.

"म्हंजी शिवला?" नामदेवरावांनी विचारलं.

"कावळा नव्हता, दादा..."

"पर घास उचलला?"

"लगेच."

ते म्हणाले, "हितं घाटावर आमी दुपारपत्तुर बसलो व्हतो. शिवलाच न्हाई. शेतीचं बोललो, आईला बघतो म्हनलो... न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा केला." आणि आवाज पार खाली आला, "तुझ्याकडं जेवायला गेलं व्हतं म्हातारं." त्या दिवशी बहीणभाऊ कितीतरी वर्षांनी एकमेकांना धरून रडले. पुढं दर रविवारी ती निघोज्याला यायची आणि ते गावच्या फाट्यावर जाऊन बसची वाट बघत थांबायचे.

गेल्या आठवड्यात सिबिल आणि मोरीनचं पत्र आलं. हिवाळ्यात त्या कमलकडे यायच्याच होत्या, तिघींनी मिळून मोटारीनं देश बघायचा होता. ती गेल्याचं कळूनही त्या येणार आहेत, तिचं घर बघायला. मी हे नामदेवरावांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नदीकडची खोली झाडून घेतली, चुना लावला आणि सुतारापाशी बसून नव्या बाजा करून घेतल्या. काल संध्याकाळी मी आत डोकावले तर भिंतीला लागून ओळीनं तीन बाजा.

मी म्हटलं, "अहो, दोघीच यायच्यात."

"ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि मधल्या बाजेवर चादर घालू लागले.